एमिलच्या कोटाची उजवी बाही

मी, हर्मिना ब्रोगर, माहेरची ड्योरिग, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा हातभरतकाम, राहणार अपेनझेल, चर्चमागच्या उतारावरचे हिरव्या खिडक्यांचे घर, हा कागद पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही. माझ्या मुलाला शंका असेल तर डॉक्टरांचा दाखला याच पाकिटात आहे. याआधीचे माझे सगळे कागद रद्द समजावेत.

१. घर. निम्मे घर माझा एकुलता एक मुलगा बाप्टिस्ट याला. तेवढा हिस्सा त्याला द्यावाच लागतो, असा कायदा आहे, आणि कायद्याशी मी वाकडे घेणार नाही. या गावात मला जे मिळाले ते कायद्याने मिळाले, माणसांनी आपण होऊन काही दिले नाही. उरलेले निम्मे माझी नात, बाप्टिस्टची मुलगी, माडलेना हिला. स्वयंपाकघरातली चूल खोलीभर धूर करते, ती बाप्टिस्टने दुरुस्त करून द्यावी. नऊ वर्षे नुसता "बघतो, बघतो" चालले आहे.

२. भरतकामाची चौकट, भिंग, सुयांचा डबा आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या सगळ्या लडी माझी मैत्रीण पाउलिना नेफ हिला. तिचा टाका माझ्याइतका नेटका नाही, पण गावात आता दुसरे आहे तरी कोण?

३. तलवार. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

ही तलवार माझ्या बाबांची. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात मतसभा भरते, दोराच्या रिंगणात उभे राहून हात वर करायचा, तेच मत. पुरुषाच्या कमरेला तलवार असली की त्याला रिंगणात प्रवेश. ती बापाकडून मुलाकडे जाते. बाबांना मुलगा नव्हता, मी होते. आठव्या वर्षापासून दर एप्रिलला खडूची पूड आणि व्हिनेगर लावून तिची मूठ मी घासली. माझ्या लग्नाच्या दिवशी बाबांनी ती माझ्यासमोरून नेऊन एमिलच्या हातात ठेवली. म्हणाले, "जावईबापू, सांभाळा." मग पुढची पंचेचाळीस वर्षे एमिलसाठी घासली. बाबांच्या मृत्युपत्रात सर्व काही मुलीला असे लिहिलेले आहे, म्हणजे कागदोपत्री ती माझीच होती. माझ्या मालकीची वस्तू कमरेला लावून नवरा मत द्यायला जायचा आणि मी दोराबाहेर. एकाहत्तर सालापासून मी अख्ख्या देशासाठी मत देत होते, पण माझ्या घरापासून दोनशे पावलांवरच्या चौकात मला हात वर करायची सोय नव्हती. गावच्या पुरुषांनी दोनदा नाही म्हटले होते.

नव्वद साली तिसऱ्यांदा विचारणार होते. त्या सकाळी कोटाच्या गुंड्या लावता लावता मी एमिलला विचारले, "आज हात वर करशील ना?"

"अगं, करतो की! हे काय विचारणं झालं?"

"बाबांच्या जागी उभा राहा. खाणावळीच्या खिडकीखाली."

"बरं बाई, तिथेच राहतो."

मी घरीच असेन असे त्याला वाटत होते. पण पाउलिना त्या खाणावळीत काम करायची, तिच्या जोडीची मुलगी आजारी पडली, म्हणून मी ताटे धुवायला गेले. सॉसेज आणि मॅकरोनीची दोनशे ताटे. प्रश्न पुकारला तेव्हा आम्ही दोघी ओल्या हातांनी वरच्या खिडकीशी धावलो. बायकांना मताचा हक्क द्यावा असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावा. थोडे हात वर झाले. एमिल बरोबर आमच्या खाली उभा होता, त्याचा हात खालीच. मी म्हटले, ऐकू आले नसेल. मग नको म्हणणाऱ्यांना विचारले, आणि चौक हातांनी भरला. त्यात एक बाही मी शिवलेली. हिवाळ्यात चुलीवर तिचा काठ जळला होता, बाबांच्या तपकिरी जाकिटाचा तुकडा मी तिथे लावला होता. अख्ख्या कॅन्टनमध्ये, म्हणजे आमच्या प्रांतात, तशी बाही दुसरी नाही.

पाउलिना म्हणाली, "हर्मिना, चल, ताटं राहिलीत."

संध्याकाळी एमिल घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "मी केला होता गं हात वर. पण आम्ही पडलो कमी." आणि सूप मागितले. चारचौघांत उघड्यावर दिलेले मत, ते घरी येऊन लपवायचे! मी सूप वाढले.

४. बिस्किटांच्या डब्यातली अकरा पत्रे. त्यानंतर आम्ही काही बायका देशाच्या मोठ्या कोर्टात गेलो. स्त्री-पुरुष समान आहेत असे देशाच्या घटनेत नऊ वर्षांपूर्वीच लिहिले होते, आमच्या चौकात ते कोणी वाचले नव्हते इतकेच. कोर्टाच्या अर्जावर माझी सही पाहून ही निनावी पत्रे आली. पोस्टमन किलियान मान्सर दारात खालमानेने म्हणायचा, "हर्मिनाबाई, न वाचताच चुलीत घाला." मी घातली नाहीत. सातवे पत्र खाटीक रेमिगी फुक्स यांना परत द्यावे. मटणाच्या पुडीवर नाव घालताना ते असेच अक्षर काढतात. चौतीस वर्षे मी त्यांच्याच दुकानातून सॉसेज आणले आणि एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. बाकीची जाळावीत.

नोव्हेंबरात कोर्टाने निकाल आमच्या बाजूने दिला. पुढच्या एप्रिलला, बायकांना तलवारीऐवजी जे मतदार-कार्ड मिळते ते हातात घेऊन मी रिंगणात शिरले. एमिल शेजारी उभा होता आणि ओळखीच्यांना सांगत होता, "मी तर आधीपासूनच यांच्या बाजूचा." मेल्याला लाज म्हणून नव्हती.

५. काळ्या कोटाची उजवी बाही. एमिल २००९च्या मार्चमध्ये गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने माझे मनगट धरले आणि म्हणाला, "हर्मिना, त्या रविवारी मी..." मी म्हटले, "बोलू नकोस, दम लागेल. पाणी घे." दम लागत होता हे खरे. पण मी त्यासाठी थांबवले नाही. एकोणीस वर्षे मी जे गिळले ते त्याने दोन वाक्यांत ओकून मोकळे व्हावे, हे मला सोसले नसते. माझ्या आयुष्यात मी केलेली ही सगळ्यांत वाईट गोष्ट आहे.

तो गेल्यावर त्याला कोट मीच घातला. त्याआधी उजवी बाही उसवून काढली आणि हात पांघरुणाखाली घेतला. कोणाला कळले नाही. चर्चमध्ये बाप्टिस्ट उभा राहून म्हणाला, "नव्वद साली माझे बाबा बायकांच्या बाजूने उभे राहिले, मला त्याचा अभिमान आहे." बिचारा तेव्हा सेंट गालनला सुतारकाम शिकत होता, बापाने सांगितले ते त्याने खरे मानले. मी पहिल्या बाकावर होते, बाही माझ्या पिशवीत होती. बाप्टिस्ट, आता तुला कळले. तुझ्यावर माझा राग नाही, पण तलवार तुला नाही.

तलवार माडलेनाला. एका अटीवर. गेल्या एप्रिलला मी तिला म्हटले, चल माझ्याबरोबर. तर म्हणते, "आजी, रविवारी सकाळी? त्यात पाऊस. आणि माझ्या एकटीच्या हातावाचून काय अडतंय?" वीस वर्षांची पोर! एमिलने केले त्याहून मला हे जास्त झोंबले. तेव्हा माडलेनाने आधी एकदा कार्ड घेऊन खाणावळीच्या खिडकीखाली उभे राहावे आणि हात वर करावा, बाजूने किंवा विरुद्ध, तिला पटेल तसा. मग तिने तलवार विकली तरी माझी हरकत नाही. तोवर ती पाउलिनाकडे राहील.

बाही मी कोणाला देत नाही. ती माझ्या शवपेटीत माझ्या हाताशी ठेवावी, बरोबर सुई आणि काळा दोरा. एमिल भेटला आणि स्वतःच्या तोंडाने बोलला, तर लावून देईन. या वेळी पाणी पुढे करणार नाही.

हाताने लिहिलेल्या अशा कागदाला आमच्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

सही: हर्मिना ब्रोगर
अपेनझेल, ११ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
पाउलिना नेफ. खिडकीतून मीही पाहिले.
किलियान मान्सर, निवृत्त पोस्टमन. नव्वद साली माझा हातही विरुद्धच होता. बाईंना ते आज सांगितले. त्या म्हणाल्या, खाली लिही आणि सही कर.