कट-आउटचे डोळे

तंजावूर,
२८ ऑगस्ट १९९९

ती. रघोजी अण्णांच्या पायांशी धाकट्या तुळजारामचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही जिवंत आहात, शुद्धीवर आहात आणि स्वतःच्या हाताने लिहू शकता, हे वाचून किती बरं वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. पायाची बोटं काढावी लागली, पण पुढे चालता येईल असं डॉक्टर म्हणतात, हेही वाचलं. बर्फात सापडलेल्या माणसाचे हात वाचले ही मोठी गोष्ट आहे. इकडे सगळे खुशाल. अम्माचा गुडघा तसाच आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. गल्लीच्या तोंडाशी नवा एस.टी.डी. बूथ झाला आहे, काचेचा, आत पंखा आहे. तुम्ही त्याचा नंबर मागितला आहे. तो मी या पत्रात दिलेला नाही. कारण पुढे लिहितो.

उत्तराला उशीर झाला. आधीच्या कागदांवर खाडाखोड झाली आणि ते फाडले. आजोबांनी मला शिकवलं ते एवढंच, की खाडाखोड केलेलं पत्र माणसाला पाठवू नये. शाळा आठवीत सुटली तरी ते मी सोडलं नाही. पलटणीत राहून तुमचं मराठी माझ्यापेक्षा सुधारलं आहे. चूक दिसली तर पोटात घाला.

निवडणूक आली आहे. सुब्रमण्यम मालकांच्या दुकानात जेवायला सवड नाही. प्लायवूडवर उंच उंच पुढारी रंगवायचे, कापायचे, बांबूंना बांधून उभे करायचे. चेहरे माझ्याकडे असतात, कारण मी आधी सोन्याच्या वर्खाच्या देवचित्रांच्या कारखान्यात होतो. तिथली शिस्त तुम्हाला माहीत आहे. दागिने झाले, वस्त्र झालं, वर्ख बसला, तरी डोळे कोरे. वडील कारागीर आंघोळ करून यायचे आणि मग बुबुळं भरायचे. तोपर्यंत ते लाकूड, नंतर देव. मी कट-आउटलाही तसंच करतो. दुकानातले हसतात. "काय रे, मंत्र्याची प्राणप्रतिष्ठा करतोस?" म्हणतात.

या वेळी गावातला सगळ्यात उंच कट-आउट तुमचा आहे.

अण्णा, रागावू नका. आधी सगळं वाचा.

जूनमध्ये पलटणीकडून तार आली, की गस्तीवर गेलेले रघोजी बेपत्ता आहेत. त्यानंतर काहीच नाही. मग टीव्हीवर लढाई संपली. चौकात फटाके वाजले, जिलेबी वाटली. तुम्ही लिहिता, की डोंगरावर तोफा अजून थांबलेल्या नाहीत आणि कोणती धार कोणाची हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाही नक्की सांगता येत नाही. इथे असं कोणी बोलत नाही. इथे आपण जिंकलो आहोत.

मग एक दिवस सांबशिव आले. इथल्या उमेदवाराचं सगळं तेच बघतात. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत आले आणि सरळ अम्माच्या पाया पडले.

"अम्मा, तुम्ही मराठा रक्ताच्या. तंजावूरने देशाला मुलगा दिला आणि तंजावूरलाच त्याचा पत्ता नाही!"

अम्मा म्हणाली, "मुलगा सापडत नाही म्हणाले. दिला कुठे?"

"बर्फात सापडत नाही म्हणजे काय, ते मी सांगायला हवं का? कागद मागून येतात, अम्मा. आधी गावाने मान द्यावा लागतो. वीराच्या घराला गॅसची एजन्सी मिळते. आमचे साहेब निवडून आले, की तुमची फाइल सगळ्यांत वर."

अम्मा त्या दिवशी बदलली असं मी म्हणणार नाही. लोक बदलले. देवळात तिला पुढे उभं करू लागले. रिक्षावाला पैसे घेईना. जी शेजारीण अम्माला "रायरम्मा, नेलेली वाटी परत कधी?" म्हणून गल्लीभर ऐकवायची, ती इडलीचं पीठ आणून देऊ लागली. अण्णा, अम्माला आयुष्यात कोणी खुर्ची दिली नव्हती.

काम माझ्याकडे आलं, कारण चेहरा मला पाठ होता. पण घरातल्या फोटोत तुमचे डोळे मिटलेले आहेत. सरळ बघणारा फोटो लग्नातला, तो वहिनींकडे. तार आल्यापासून त्या पापनाशमला वडिलांकडेच आहेत. मी बसने गेलो. त्यांनी कॉफी दिली, फोटो दिला नाही.

"भाऊजी, वर्दी रंगवा, मिशी रंगवा, तुमचं पोट त्यावर आहे," म्हणाल्या. "डोळे मात्र ते स्वतः घेऊन येतील."

म्हणून डोळे कोरे राहिले. तुमचं पत्र आलं तेव्हा ते कोरेच होते आणि सभा व्हायची होती. हे मला वरच लिहायला हवं होतं.

मी धावत घरी गेलो आणि अम्माला पत्र वाचून दाखवलं. ती रडली. देवापुढे डोकं टेकून तुमचं नाव घेत राहिली. ते खोटं नव्हतं. मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "हे आणखी कोणाला ठाऊक?"

"कोणालाच नाही."

"इस्पितळातून कधी सोडतात त्याला?"

"लिहिलं नाही. दिवाळी उजाडेल बहुतेक."

"जिवंत आहे ना? मग दिवाळीलाही जिवंतच असेल," अम्मा म्हणाली. "मतदान होऊ दे. मग परत वाच. तेव्हा सगळ्यांसमोर रडीन."

पाकिटात वहिनींसाठी वेगळं घडी केलेलं पान होतं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

बुबुळं मी आरसा समोर ठेवून भरली. आपले डोळे सारखे आहेत असं सगळे म्हणायचे. आंघोळ केली नव्हती.

सभा जुन्या बसस्टँडजवळच्या मैदानावर झाली. सांबशिवांना स्टेजवर वीराची बायको हवीच होती. "नुसती म्हातारी बघून कोण रडतं? ती येत नसेल तर दुसरी बसवा. इतक्या लांबून कोणाला कळतंय?" दुकानात खळ शिजवायला सरोजा येते, नवऱ्याने टाकलेली. तिला पांढरं नेसवलं आणि मान वर करू नको म्हणून सांगितलं. स्टेजच्या मागे ती मला म्हणाली, "बघ तुळजा, आता मला वहिनी म्हणायचं." हसली. पण वर जाऊन बसल्यावर ती खरंच रडायला लागली, आणि अम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

भाषण चालू असताना वहिनी आल्या. कुंकू लावलेलं, केसांत मोगरा, हातभर बांगड्या. गर्दीतून थेट स्टेजपर्यंत आल्या आणि ओरडल्या, "माझा नवरा जिवंत आहे! ही बाई कोण?"

तुमचं पत्र आल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या आपल्या मनानेच तसं म्हणत होत्या.

सांबशिव माइकवर हात ठेवून वाकले. "अम्मा, ही कोण?"

अम्मा जमिनीकडे बघत म्हणाली, "ओळखत नाही. डोकं फिरलेली असेल कोणी."

मग सांबशिवांनी माझ्याकडे पाहिलं. "तंबी, तू वीराचा भाऊ. तू सांग."

मी कट-आउटची दोरी धरून उभा होतो. वारा होता. दोरी सोडली असती तर तुम्ही लोकांवर पडला असता.

मी म्हणालो, "माहीत नाही."

कार्यकर्त्यांनी वहिनींना दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. मोगरा तिथेच पडला. कोणीतरी म्हणालं, "वीराच्या नावावर तमाशा करते, लाज नाही!" आणि त्यावर टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात अम्माचा आणि सरोजाचा फोटो आला. तुमचे सासरे वैद्यनाथ शिकलेले आहेत, शाळेत गणित शिकवतात. ते म्हणाले, शेजारी बसलेली ती बाई कोण ते मला ठाऊक नाही, पण मुलगा गेला असं खुद्द आई सगळ्या गावासमोर बसून सांगते, म्हणजे तो गेलाच. माझी मुलगी दुःखाने वेडी झाली आहे. नवरा गेल्यावर बायकोचं जे करतात ते त्यांनी पापनाशमला करून घेतलं. अम्माने माझ्याजवळ पांढरं लुगडं दिलं. "सासरकडून गेलं पाहिजे. नाही तर लोक संशय घेतील."

ते मी नेऊन दिलं. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मनगटांवर काचेचे ओरखडे होते. कुंकवाच्या जागी कपाळ तेवढंच गोरं दिसत होतं. मला वाटलं, मला शिव्या देतील.

"भाऊजी, डोळे कोणाचे काढलेत?"

"माझे."

"तरीच. त्यांचे डोळे माझ्याकडे बघतात. मैदानावरचे माझ्यावरून पलीकडे बघत होते."

मग त्यांनी लुगडं हातात घेतलं आणि आत गेल्या.

तुमचं पान तेव्हा माझ्या खिशातच होतं. परतताना बसमध्ये ते घामाने ओलं झालं, म्हणून घरी आल्यावर उघडून वाळत घालावं लागलं. वरचे दोनच शब्द दिसले, सौ. विशालाक्षी. पुढे वाचलं नाही.

तर अण्णा, विनंती अशी आहे. इस्पितळातून लवकर सोडायला लागले, तर पाय फार दुखतो म्हणून सांगा. मतमोजणी ऑक्टोबरात आहे. तोपर्यंत घरी पत्र टाकू नका, पापनाशमला तर नकोच. दुकानाच्या पत्त्यावर माझ्या नावाने टाका आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहू नका. बूथवर फोन आला तर सगळी गल्ली ऐकते, म्हणून नंबर दिला नाही. अम्मा म्हणते, दिवाळीला तुमच्यासाठी अनारसे करीन. वहिनींचं पान मी जपून ठेवलं आहे, मतदान झालं की त्यांना नेऊन देईन.

परवा कट-आउट पापनाशमच्या सभेला नेतात. मीही बरोबर जातो. उन्हाने डोळ्यांचाच रंग आधी उडतो, तो पुन्हा भरावा लागतो.

पत्राच्या शेवटी 'वाट पाहतो' असं लिहायची आपल्या घरची रीत आहे. या वेळी ते लिहीत नाही.

तुमचा धाकटा,
तुळजाराम