तीन हप्त्यांचा एक हप्ता

७ मार्च २००४, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे निर्णय घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

विषय: माझी एज्युकेशन लोन्स. डिप्लोमाचं एका सरकारी बँकेत, एमबीएचं दुसऱ्या सरकारी बँकेत, कॉम्प्युटर कोर्सचं इथल्याच एका पतपेढीत. तीन हप्ते, तीन तारखा, तीन ठिकाणच्या रांगा. हे अडाणी लोकांचं जगणं झालं. मी एमबीए आहे. फायनान्स. तिन्ही कर्जं मोडायची आणि त्यांचं एकच मोठं कर्ज करायचं. एक बँक, एक तारीख, एक हप्ता. निर्णय जवळजवळ झालाच आहे. फक्त घ्यायचा बाकी आहे. ३१ मार्चपर्यंत फायनल.

पप्पांना समजावून सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, या महिन्याचा हप्ता भरलास का ते सांग. असा विचार करणारी माणसं तीस-तीस वर्षं एकाच कंपनीत स्टोअरकीपर राहतात.

९ मार्च
एमबीए लोनच्या बँकेत गेलो. लोनचं टेबल विनया मॅडमकडे. माझं म्हणणं ऐकताना त्या स्टेपलरमध्ये पिना भरत होत्या. म्हणाल्या, आमचा व्याजदर कमी आहे, हे मोडून बाहेरचं महाग कर्ज कशाला घेता? पतपेढीचं तेवढं जड आहे, ते आधी फेडा, बाकीचं आहे तसं चालू द्या. सरकारी मेंदू! पुढचं दिसतच नाही. मग विचारलं, तुमचं शिक्षण कशातलं म्हणालात? मी म्हटलं, फायनान्स. स्टेपलर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

२८ मार्च, रविवार
एक्सेलमध्ये शीट करायला घेतली. लोड शेडिंग. लाइट आल्यावर पुन्हा घेतली. हप्त्यांचा कॉलम गुलाबी, व्याजाचा पोपटी. व्याजाचे आकडे भरायचे राहिलेत, पण शीट दिसते प्रोफेशनल.

विनिता (माझी बहीण, बी.एस्सी., नालासोपाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर बसते) मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, दादा, रंग छान आहेत.

१ एप्रिल
काल निर्णय झाला नाही. मुद्दामच घेतला नाही. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी निर्णय घेतात ते घाबरलेले लोक. नवी तारीख: ३० एप्रिल.

मात्र एक स्ट्रॅटेजिक निर्णय आजपासून लागू. तिन्ही कर्जं जर मोडायचीच आहेत, तर त्यांचे हप्ते भरत कशाला बसायचं? पाडायच्या बिल्डिंगला कोणी रंग देतं का? या महिन्यापासून हप्ते बंद. हे मला सुचलं, विनया मॅडमना नाही. फरक इथे असतो.

पगारातून वाचलेल्या पैशांतून फॉर्मल शूज घेतले. बँकेत माणूस चांगला दिसावा लागतो.

१७ एप्रिल, शनिवार
अखेर एक माणूस माझ्या लेव्हलचा भेटला. रामनाथ. प्रायव्हेट बँकेचा लोन एजंट. टाय, अॅक्टिव्हा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर'. हॉलमध्ये बसून त्याने दाखवलं की तीन हप्त्यांचा एक केला तर महिन्याला जवळपास निम्मेच भरायला लागतील. निम्मे! मी पप्पांकडे बघितलं. पप्पा पंख्याकडे बघत होते.

विनिताने मध्येच कॅल्क्युलेटर आणला. म्हणाली, वर्षं तिप्पट होतायत, शेवटी दीडपट पैसे जातील, आणि यांचा दरही जास्त आहे. रामनाथ हसून म्हणाला, मॅडम फार हुशार आहेत सर. मीही हसलो. रिसेप्शनवर बसून रक्ताच्या रिपोर्टवर शिक्के मारणाऱ्या मुलीने मला कंपाउंड इंटरेस्ट शिकवावं! आईने तेवढ्यात कोकम सरबत आणलं म्हणून वाद टळला.

सही मात्र केली नाही. व्याजदर अजून उतरतील. सगळे पेपर तेच म्हणतायत. तळाला पोचले की सही. घाई गरिबांना असते.

८ मे
विनिताला डीएमएलटी करायचंय. लॅब टेक्निशियनचा कोर्स, मुंबईत. तिच्या लॅबचे डॉक्टर म्हणालेत, कोर्स कर, टेक्निशियनची जागा तुझी. त्यासाठी तिलाही लोन हवंय. माझ्याच एमबीएच्या बँकेत जाणार, कारण पप्पांचं खातं जुनं.

मी तिला सांगितलं, थांब, आधी माझं होऊ दे, मग तुला नीट गाइड करतो. म्हणाली, मी अर्ज दिलाय, दादा, परवाच. ना कंपॅरिझन, ना शीट, गेली आणि अर्ज देऊन आली.

२० जून, रविवार
दर आणखी उतरायला हवे होते. थांबलेत. दम खातायत. मीही थांबलोय.

पतपेढीतून दोनदा फोन. नवा मोबाइल घेतलाय, कलर स्क्रीनचा, त्यावर नंबर स्पष्ट दिसतो, त्यामुळे उचलायची गरज पडत नाही. पैसे वसूल.

सकाळी पाण्याचा टँकर आला तेव्हा सोसायटीतल्या चार जणांना कर्ज एकत्र करण्याचे फायदे समजावले. सगळे मान डोलावत होते. त्यांची नजर पाइपवर होती, पण मुद्दा पोचला.

३ जुलै, शनिवार
घरात विनाकारण तमाशा.

विनिताचं लोन अडलं. विनया मॅडमनी तिला सांगितलं, तुमच्या कर्जावर वडिलांची सही लागेल, आणि तुमच्या भावाच्या कर्जाला तेच जामीन आहेत, तिथे एप्रिलपासून एक पैसा आलेला नाही. ते थकलेले हप्ते भरा, मग बघू.

जेवताना विनिताने विचारलं, दादा, तू तीन महिने हप्ते थकवलेस? मी तिला शांतपणे सांगितलं की 'थकवणं' हा शब्द चुकीचा आहे, मी पेमेंट होल्डवर ठेवलंय. त्यामागे स्ट्रॅटेजी आहे. पप्पांनी पुढे घेतलेला भात तसाच ठेवला आणि हात धुतले. आई म्हणाली, हिची अॅडमिशन ३१ जुलैला बंद होते रे. मी म्हटलं, अजून अख्खा महिना आहे. विनिता पप्पांचं ताट उचलून आत गेली. तिला माझी बाजू पटली असावी.

११ जुलै, रविवार
ठरलं. दर उतरोत न उतरोत, रामनाथकडे सही करून टाकायची. त्या पैशांतून सगळं मागचं क्लिअर, विनिताचा प्रश्नही आपोआप सुटतो. एका दगडात सगळे पक्षी, आणि दगड माझा.

रामनाथला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, म्हणाला, गेल्या सहा महिन्यांच्या हप्त्यांच्या पावत्या लागतील. मी म्हटलं, चार महिन्यांच्या नाहीत. 'सर' म्हणायचं विसरला. तरी अर्ज उद्याच त्याच्या बँकेत देऊन टाकतो.

१८ जुलै, रविवार
एडवर्ड अंकल आणि रोझमेरी आंटी उमेळ्याहून आले, चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून थेट. अंकल पप्पांचे कंपनीतले दोस्त. निवृत्त झाल्यावर फुलांची वाडी बघतात. पतपेढीच्या कर्जाला ते जामीन आहेत. सही करताना म्हणाले होते, जयवंतचा पोरगा तो माझाच.

गुरुवारी पतपेढीची माणसं त्यांच्या दारात उभी राहिली. घरात सुनेच्या माहेरचे पाहुणे बसलेले. अंकलनी तिथल्या तिथे माझे सगळे मागचे हप्ते भरले आणि त्यांना घालवलं. भित्रा माणूस. पाहुण्यांचं कसलं दडपण?

मी त्यांना एकत्रीकरणाची सगळी योजना समजावली. शीट दाखवली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "बाळा, एवढंच सांग, ह्या नव्या कर्जात माझं नाव कुठे आहे का?" मी म्हटलं, नाही, आता जामीन वगैरे जुन्या गोष्टी झाल्या. म्हणाले, "बरं झालं." मला वाटलं होतं ते खूश होतील. रोझमेरी आंटीने चहाला हात लावला नाही.

पप्पा त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. अंकल गेल्यावरही पप्पा बराच वेळ खालीच उभे होते. वरून दिसत होतं. वर आले तेव्हा मी म्हटलं, अंकलना कॉन्सेप्ट कळला नाही. पप्पा म्हणाले, मी ह्याच्यापुढे उमेळ्याला कुठल्या तोंडाने जाऊ, ते तेवढं तुझ्या शीटमध्ये बसव.

भावनेच्या भरात आकड्यांशी बोलता येत नाही.

२८ जुलै
प्रायव्हेट बँकेचं उत्तर आलं. नकार. कारण: चालू कर्जांची थकबाकी. थकबाकी मिटवायला कर्ज मागितलं तर थकबाकी आहे म्हणून देत नाहीत! असल्या बँकेशी मलाच संबंध नको होता. मीच त्यांना रिजेक्ट केलं असं समजायला हरकत नाही.

तरी पर्याय आहे. शूज, मोबाइल वगैरे सोडून दोन महिन्यांचे हप्ते हातात आहेत. शनिवारी बँकेत जाऊन भरायचे, विनया मॅडमशी बोलून बाकीचे नंतर, आणि विनिताचं काम करून घ्यायचं. हे आधीही करता आलं असतं, पण प्रत्येक गोष्टीची वेळ असते.

३१ जुलै, शनिवार
सकाळी लवकर निघालो. निदान लवकर आवरलं तरी.

वाटेत वाटलं, नुसते पैसे घेऊन जाणं बरं दिसत नाही. आपण दोनच महिन्यांचे देणार, तर पुढचा प्लॅन कागदावर दाखवावा. अंबाडी रोडवर सायबर कॅफेत शिरलो. शीटची कलर प्रिंट काढायची होती. पहिलीत गुलाबी नीट आला नाही. दुसऱ्यांदा काढली. मग कॅफेवाल्याकडे प्लास्टिकचं फोल्डर नव्हतं, ते समोरच्या दुकानात मिळालं.

बँकेपाशी पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली. शनिवार. अर्धा दिवस.

विनिता बाहेर पायरीवर उभी होती. सकाळी दार उघडल्यापासून आत बसली होती, असं वॉचमन म्हणाला. विनया मॅडम तिच्यासाठी कागद तयार ठेवून थांबल्या होत्या. भाऊ येतोय, पैसे घेऊन येतोय, असं तिने त्यांना सांगून ठेवलं होतं. मला कोणी सांगितलंच नाही की ती तिथे थांबणार आहे. किंवा सांगितलं असेल, काल रात्री आई काहीतरी बोलत होती.

विनिताने माझ्या हातातलं फोल्डर बघितलं. हात पुढे केला. मी दिलं. तिने शीट बाहेर काढली, वरपासून खालपर्यंत वाचली, परत आत सरकवली आणि फोल्डर मला दिलं. "व्याजाचा कॉलम अजून रिकामाच आहे, दादा," एवढंच म्हणाली, आणि स्टेशनकडे चालायला लागली. लॅबला उशीर झाला होता तिला.

मी ओरडून म्हटलं, सोमवारी येऊ. तिने मागे बघितलं नाही. रस्त्यात आवाज खूप होता, त्यामुळे ऐकू गेलं नसावं.

१४ ऑगस्ट
दोन आठवडे विनिता माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी देते, बोलत नाही. अॅडमिशन दरवर्षी असतात. एवढं काय?

पेपरात आलंय की आता व्याजदर वर जाऊ शकतात. पेपरवाल्यांना काही कळत नाही.

त्या सोमवारी बँकेत गेलो नाही. काय उपयोग होता?

२९ ऑगस्ट, रविवार
पप्पांनी मला न विचारता रिटायरमेंटची एफडी मोडली.

पतपेढीचं कर्ज पूर्ण फेडलं. दोन्ही बँकांचं मागचं सगळं भरलं. एडवर्ड अंकलचे पैसे परत. अंकल घेत नव्हते, तेव्हा पप्पा म्हणे पाकीट ओट्यावर ठेवून निघून आले. आधी पतपेढी फेडा हे त्या विनया मॅडमनी मार्चमध्ये सांगितलं होतं, पण तो योगायोग.

मी पप्पांना स्पष्ट सांगितलं की मुदतीआधी एफडी मोडणं ही फायनान्सच्या दृष्टीने चूक आहे, व्याज बुडतं. पप्पा ओरडले नाहीत. चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला, म्हणाले, "तुला सगळं एकाच ठिकाणी द्यायचं होतं ना? दे. पगार झाला की विनिताच्या हातात द्यायचा. दोन्ही बँकांचं ती भरेल. माझ्या एफडीचे पैसे राहिले, ते मी असेपर्यंत बघू."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, सांगू नकोस, कर.

५ सप्टेंबर
विनिताच्या डॉक्टरांनी टेक्निशियनची जागा दुसऱ्या मुलीला दिली. तिच्याकडे डिप्लोमा आहे. आईकडून कळलं. विनिता पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार. तोपर्यंत रिसेप्शन.

तिला सांगणार होतो की जे होतं ते चांगल्यासाठी. दारापर्यंत गेलो. आत ती पुस्तक उघडून बसली होती. परत आलो.

१ ऑक्टोबर, शुक्रवार
पगार झाला. संध्याकाळी विनिता लॅबवरून येताना एटीएमपाशी भेटली. बोलावलं मीच होतं. ट्रेनमध्ये नवी कल्पना सुचली होती: पैसे लगेच बँकेत न भरता दोन-तीन महिने साठवले आणि एकदम मोठी रक्कम भरली, तर मुद्दल लवकर कमी होतं का, हे तपासून बघायला हवं. शीट नव्याने करावी लागेल. तिला उभ्या उभ्या समजावायला लागलो.

तिने पूर्ण ऐकलं. चेहरा दमलेला होता. दिवसभर लोकांना रिपोर्ट कधी मिळणार ते सांगत होती.

"दादा," म्हणाली, "आज नुसतं दे."

किती दिवसांनी दादा म्हणाली. मी कार्ड दिलं. पिन विचारला, तोही सांगितला.