एक्केचाळीस जणांचे एकच उत्तर

१ जानेवारी १९९०, सोमवार

संकल्प एकच. प्रकरण पाचवे, 'निष्कर्ष आणि चर्चा', ३१ जानेवारीच्या आत पुरे करणे. रोज चार पाने, रविवारी सहा. विद्यापीठातले रजिस्ट्रेशन ३० एप्रिलला संपते. दोनदा मुदत वाढवून झाली, तिसऱ्यांदा मिळत नाही. आधीची चार प्रकरणे तयार आहेत. (चौथ्यात थोडे काम आहे. तिसऱ्यातही.)

जूनमध्ये विभागातली दुसरी जागा भरणार. प्रबंध सादर केलेला असेल तर ती माझी, असे प्राचार्य म्हणाले आहेत. गेली सात वर्षे मी कोठारे मॅडमच्या रजेच्या जागेवर शिकवतो. त्या मस्कतला असतात. म्हणजे मी ऑलमोस्ट पर्मनंटच. फक्त ऑर्डर दर जूनला नवी निघते.

संकल्प बायकोला, बकुळाला सांगितला. ती म्हणाली, मागच्या वर्षीही एक जानेवारी आली होती.

७ जानेवारी, रविवार

तीस पाने व्हायला हवी होती. एक परिच्छेद झाला, पण पक्का.

अडचण अशी की १२० पैकी ४१ म्हणजे ३४.१६ टक्के की ३४.१७? खरे तर ३४.१६६६, आणि सहा संपतच नाहीत. प्रामाणिक संशोधकाने उरलेल्या सहांचे काय करावे? दुपारभर विचार केला. बकुळा म्हणाली, 'एकतृतीयांश' लिहा आणि भाजी आणा. मी म्हटले, एकतृतीयांश म्हणजे चाळीस. एक माणूस मी गाळू शकत नाही.

भाजी आणायची राहिली.

१४ जानेवारी, रविवार

निष्कर्षांचा गाभा आज मांडला. अंगावर काटा आला.

माझा विषय: संपानंतरचा गिरणी कामगार. नमुना १२० जणांचा, सगळे संपाच्या दिवशी कायम नोकरीत असलेले. त्यातले ७९ मी लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या चाळींत दार ठोठावून गाठले. त्यांची उत्तरे म्हणजे नुसता पसारा. एक वॉचमन, एक रद्दीवाला, एक म्हणाला आधी तुम्ही एलआयसीचे नाही ना ते सांगा. काही निघत नाही.

पण ४१ जण एका खोलीतले! लालबागला कोंडसरी गावाच्या मंडळाची खोली आहे. त्या गावचे लोक तिथे आळीपाळीने झोपतात, प्रत्येकाची एक ट्रंक. दोन वर्षांपूर्वी मी ४१ प्रश्नावल्या तिथे ठेवल्या आणि आठवड्याने आणायला गेलो, तर सगळ्या भरलेल्या. एकही कोरी नाही. आणि उत्तरे?

प्र. १७, संप संपला असे वाटते का? ४१ जण: 'नाही. कोणी संपला म्हणून सांगितलेले नाही.'

प्र. १९, कोणत्या खात्यात काम करायला आवडेल? ४१ जण: 'मिळेल ते.'

प्र. २२, गिरणी उद्या सुरू झाली तर? ४१ जण: 'हाक आली तर जाणार. गेटवर उभा आहेच.'

शब्दसुद्धा तेच. खात्याखात्यांतले भेद पुसून गेलेला, मनाने अजून गेटवर उभा असलेला कामगार! या अवस्थेला मी 'गेट-चेतना' असे नाव दिले आहे. ही संज्ञा माझी.

अक्षरही सर्वांचे एकाच वळणाचे. हे रात्रशाळेचे संस्कार. तशी तळटीप दिली.

१८ जानेवारी, गुरुवार

संपाला आज आठ वर्षे. मुद्दाम आजच माझे गाइड डॉ. चेऊलकर यांना गाठले. गेट-चेतनेची बावीस पाने दिली. सरांनी वाचली. मग म्हणाले, रामदास, निष्कर्ष म्हणजे काय सापडलं ते, आणि चर्चा म्हणजे त्याचा अर्थ काय ते. तुम्ही सापडायच्या आधी चर्चेला बसता. आणि एक्केचाळीस माणसं एकाच शब्दांत बोलतात हे मी लष्करातसुद्धा पाहिलं नाही. जरा तपासा.

लष्कराशी तुलना फार सूचक. प्रकरणात घ्यावी. 'तपासा' म्हणाले ते बहुधा शुद्धलेखनाबद्दल.

३१ जानेवारी, बुधवार

प्रकरण पुरे होणार होते तो दिवस. ते ६३ पानांवर गेले आहे, म्हणजे उशीर झाला तो समृद्धीमुळे. नवा संकल्प: २८ फेब्रुवारी.

घरात दोन खोल्या, एक टेबल. त्यावर इस्त्री, डबे आणि मी. बकुळाच्या लग्नातल्या शालूच्या खोक्यात चौथे प्रकरण आहे. शालू कुठे आहे ते तिने विचारले. शोधतो म्हटले.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

बकुळाला प्रुफे वाचायला दिली. तिचे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते, माहेर लालबागचे, गाव कोकणात. वाचता वाचता ती हसू लागली. मला वाटले तळटीप आवडली. म्हणाली, अहो, हे कागद कधी भरलेत? मी म्हटले, लिहिले आहे की, २८ फेब्रुवारी ते ६ मार्च १९८८. ती म्हणाली, तीन मार्चला होळी होती तेव्हा. माझे बाबा आजारपणातून उठून गेले होते पालखीला. शिमग्यात एक्केचाळीस कोकणी पुरुष मुंबईत? अहो, एक दाखवा!

मी म्हटले, सर्वसाधारण विधाने अशी करता येत नाहीत. ती म्हणाली, लालबागला शेंबड्या पोरालाही करता येतात.

आमचे आजोबाच गिरगावात जन्मले. गाव नावाचा प्रकार आमच्याकडे नाही. तरी ही शंका शास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही. उद्याच लालबागला जाऊन निकालात काढतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

गेलो नाही. तिसऱ्या प्रकरणातल्या तळटिपांचे क्रमांक चुकले होते.

२८ फेब्रुवारी, बुधवार

गेलो नाही. पेपर तपासायचे होते. प्रामाणिकपणे लिहायचे तर पेपर गेल्या सोमवारीच संपले.

८ मार्च, गुरुवार

बकुळा गावी गेली. सहा वर्षे 'थिसिस झाला की जाऊ' ऐकते आहे, म्हणाली, पालखी काय तुमच्या गाइडला विचारून निघते? आठवडाभर घरात बांधाबांध चालू होती. परळहून गाडीत बसवून दिले. सगळी एसटी ओळखीची असल्यासारखी तिच्याशी बोलत होती.

घर शांत. आता काम वेगाने होईल.

१० मार्च, शनिवार

आज धाडस केले. ४१ कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन कोंडसरीच्या खोलीवर गेलो. प्रत्येकाकडून समक्ष भरून घ्यायच्या, म्हणजे बकुळाचे तोंड बंद.

खोलीत भिंतीला ट्रंकाच ट्रंका, आणि माणूस एक. धोंडू कांबळी. खोलीची देखभाल तेच करतात. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव आहे. पन्नाशीचे, शर्टाची सगळी बटणे लावलेले. मी विचारले, बाकीचे? ते म्हणाले, सर, उद्या होळी. कोण असणार?

आठवडाभर बकुळाची बॅग मीच बांधत होतो. ही गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही, याचे विवेचन स्वतंत्रपणे करीन.

मग विचारले, दोन वर्षांमागे माझे कागद कोणी भरले? जराही न चपापता म्हणाले, मीच. सगळे गावाला गेले होते, तुम्हाला तर रविवारी हवे होते. मग त्यांचा बदली म्हणून मी बसलो. एकाचाही खाडा पडू दिला नाही, सर.

खाली बसलो. चहा आला. त्यांनी समजावून सांगितले, जसे मी एफ.वाय.च्या पोरांना सांगतो तसे. कायम कामगार आला नाही की गेटवरचा बदली आत जायचा. त्याचाच साचा, त्याचंच काम. कापड कोणी विणलं ते कापडावर लिहितात का? नाव, गाव, पोरं, सगळं बरोबर लिहिलं, म्हणाले. बघा पाहिजे तर, कुणाच्या पोराचं वयसुद्धा चुकलं नाही. फक्त सतरा नंबरपासून पुढं तुम्ही मनातलं विचारलंत. दुसऱ्याच्या मनातलं मी कसं लिहू? तिथं माझंच लिहिलं.

मी विचारले, तुम्ही स्वतः कोणत्या गिरणीत कायम होता? हसले. कायम कुठला! अकरा वर्षं बदली. रोज सकाळी सातच्या आत गेटवर. हाक आली तर आत, नाहीतर घरी. संपात पण कुणी विचारलं नाही, तू संपावर का म्हणून.

निघताना त्यांनी विचारले, सर, तुम्ही पर्मनंट ना? मी म्हटले, ऑलमोस्ट.

मान हलवली. फार समजूतदारपणे हलवली.

१५ मार्च, गुरुवार

शांतपणे विचार केला. बदलीचे उत्तर हे मूळ कामगाराचेच उत्तर मानावे काय? गिरणी मानत होती. मग समाजशास्त्राने का मानू नये? तीन पानी तळटीप लिहिली. वाचून पाहिली. फाडली. पुन्हा लिहिली.

धोंडूंना नमुन्यात घ्यावे म्हटले तर तेही बसत नाहीत. नमुना कायम कामगारांचा. ४१ जणांच्या नावाने बोललेल्या माणसाला माझ्या प्रबंधात स्वतःच्या नावाने जागा नाही.

१ एप्रिल, रविवार

गावाहून परतलेले नऊ जण खोलीवर भेटले. जयवंत नावाचे एक गृहस्थ आता गोदीत आहेत. म्हणाले, संप? तो कधीच संपला. दुसरा म्हणाला, गेटवर कोण उभा राहतो आता, वेडा का? बाकी सात जण म्हणाले, धोंडूनं लिहिलंय ना? मग तेच खरं धरा, आम्हाला कशाला पुन्हा पुन्हा विचारता?

धोंडू कोपऱ्यात ट्रंका पुसत होते. वर पाहिले नाही.

९ एप्रिल, सोमवार

चेऊलकर सरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, रामदास, तुमच्या सहा वर्षांत सापडलेली ही एकच गोष्ट आहे. मला हुरूप आला. म्हटले, मग तीच लिहितो. म्हणाले, ती वेगळा प्रबंध आहे, नवं रजिस्ट्रेशन. या प्रबंधाला विद्यापीठाने १२० मंजूर केलेत. ७९ चालणार नाहीत. १२० म्हणून देणार असाल तर पहिल्या पानावर प्रतिज्ञापत्र असतं, खाली सही तुमची. माझी नाही.

म्हणजे ४१ ठेवले तर खोटे, काढले तर प्रबंध नाही. यातून तिसरा मार्ग असणारच. उद्यापासून शोधतो.

२२ एप्रिल, रविवार

तिसरा मार्ग सापडला नाही. शालू सापडला. दुसऱ्या प्रकरणाच्या खाली होता.

बकुळाने घडी मोडून पाहिली. मग म्हणाली, प्रबंध द्या हो तसाच. कोण बघतंय? मी म्हटले, मी बघतो आहे. ती म्हणाली, तेच तर.

३० एप्रिल, सोमवार

प्रबंध बांधून घेतला. चार प्रती, मरून कापडी बांधणी, सोनेरी अक्षरे. फार देखणा झाला आहे. ३४.१७ टक्के ठेवले.

विद्यापीठाच्या खिडकीवर दुपारी तीनला नंबर लागला. क्लार्क म्हणाला, साहेब, प्रतिज्ञापत्रावर सही राहिली. वाचले: 'यातील माहिती मी प्रत्यक्ष उत्तरदात्यांकडून गोळा केली आहे.' पेन काढले. चालेना. क्लार्कने आपले दिले. ते चालत होते.

मागचा माणूस म्हणाला, भाऊ, करा की. बाजूला झालो. म्हटले, तुम्ही घ्या पुढे, मी जरा एकदा नीट वाचून घेतो. साडेपाचला खिडकी बंद झाली. तोवर वाचत होतो.

घरी येताना चारही प्रती हातात. वजन बरेच आहे.

४ जून, सोमवार

प्राचार्यांनी बोलावले. कोठारे मॅडम मस्कतहून परत आल्या, रुजू झाल्या. दुसरी जागा प्रबंध दिलेल्या एका उमेदवाराला मिळाली. प्राचार्य फार सौजन्याने बोलले. कोणी रजेवर गेलं की आधी तुम्हालाच कळवू, म्हणाले. मी आभार मानले. आश्वासन जवळजवळ लेखीच समजायला हरकत नाही.

बकुळाला सांगितले. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. हे मला चांगले लक्षण वाटते.

२० जून, बुधवार. सकाळी ७.०५

कॉलेज आज सुरू. घरी बसून काय करायचे म्हणून आलो. रजेचे निरोप सकाळीच येतात, आणि गिरगावात माझ्याकडे फोन नाही. इथे असलेले सोयीचे. शिवाय निरीक्षणही होते.

शिपाई गंगाधरला विचारले, आज कोणी येणार नाही असं काही कळलं? म्हणाला, इंग्रजीच्या सरांचा अजून पत्ता नाही. विषय चालेल का तुम्हाला? मी म्हटले, मिळेल तो.

म्हणाला, मग थांबा सर. सव्वासातला हाक मारतो.

गेटवर उभा आहे.