सालई तळ्याचा तळ

मी, शिवदास बाबाजी कांदळगावकर, वय ७७, राहणार मुलुंड पश्चिम, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वयामुळे अक्षर बिघडले आहे, त्यावरून शंका घेऊ नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक पत्नी विमला हिला, तिच्यानंतर मुलगी रुचिरा हिला मिळावी. विमलाच्या हयातीत खोली विकण्याचा सल्ला जावईबापूंनी देऊ नये.

२. दोन वल्ही व तळ्याचा नकाशा रुचिराला. नकाशाविषयी खुलासा करणे भाग आहे. आज जिथे सालई उद्यान आहे, तिथे तळे होते. १९७३ पासून बावीस वर्षे मी तिथे भाड्याच्या होड्या चालवल्या. रविवारी पार घाटकोपरहून माणसे येत. कुठे किती खोल, कुठे पाणी अचानक थंड लागते, हे मी वल्हे टेकवून टेकवून कागदावर उतरवले. कुणी सांगितले नव्हते. मलाच कळायला हवे होते.

पुढे पाणी आटू लागले. ओढ्याच्या कडेने डोंगराकडे चालत गेलो, तर एका नव्या इमारतीपाशी ओढाच पाइपात घालून दुसरीकडे वळवलेला. तक्रारी केल्या, उपयोग झाला नाही. तळ्याचे डबके झाले, घरोघरी मलेरिया आला. १९९५ साली रहिवाशांची सभा भरली : भराव टाकून बाग करायची का? विरोधात मी एकटा. बाजूने पहिला हात विमलाचा.

घरी येऊन विचारले, "तू पण?"

ती म्हणाली, "बावीस वर्सां तुमचो डबो घेवन काठार उभी रवलंय. कधी बस म्हटलात? माका बसाक जागा होई होती."

मी आठ महिने तिच्याशी बोललो नाही. चूक माझी होती, अशी येथे नोंद करतो.

३. बाग झाली आणि मी तिच्याच फाटकावर पहारेकरी म्हणून लागलो. खरे सांगायचे तर बाग कशी फसते ते बघायला. पहिल्याच जुलैत घसरगुंडी खचली. पुन्हा बसवली, पुन्हा खचली. पालिकेचा तरुण इंजिनिअर डोके धरून उभा होता. "काका, इथेच का खचतं हो?"

मला गप्प राहता आले असते. पण त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी नकाशा आणला. "साहेब, खाली झरा आहे. तुम्ही त्याच्या डोक्यावर घसरगुंडी ठेवलीत."

घसरगुंडी हलवली, तिथे विहीर खणली. बागेतली झाडे आजही त्याच पाण्यावर आहेत. त्या दिवशी विमला बाकावर सरकून म्हणाली, "येवा, बसा."

४. शेवटचे. नकाशा दाखवताना एक खूण मी अंगठ्याखाली झाकली होती. दुसरा झरा पूर्वेच्या भिंतीपासून चौदा पावलांवर, सोनचाफ्याच्या बाजूला आहे. तिथे आता सिमेंटचा मंच बांधणार असे ऐकतो. रुचिराने नकाशा घेऊन पालिकेच्या ऑफिसात जावे आणि जागा दाखवावी. तीस वर्षे का सांगितले नाही, असे कुणी विचारील. सगळे तळे दिले होते. एवढा एक माझ्याकडे राहावा असे वाटले.

सही : शि. बा. कांदळगावकर

आम्हां दोघांच्या देखत सही केली :
१. भीमराज सोनवणे, शेजारी
२. डॉ. पूर्वी गाला

मुलुंड, १४ सप्टेंबर २०२५