अभ्यासिकेवरची पाटी

हडपसर, पुणे
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. दादास ललिताचा सप्रेम जय भीम, वि. वि.

आज ह्यांना जाऊन आठ दिवस झाले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी साडेदहाला आले. माणसं शंभराच्या आसपास होती. जेवण पुरलं, थोडा भात उरला तो शेजारी वाटला. तीनला मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. आता पाच वाजलेत आणि घरात मी एकटी आहे. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा यायला जमलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावं असं माझ्याकडे काही नाही, म्हणून लिहिते.

दत्तप्रसाद सर आले होते. ह्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. ह्यांनी त्यांच्या हाताखाली शिपाई म्हणून एकवीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर सरांनी 'उजेड प्रतिष्ठान' काढलं, आणि ह्यांनी वस्तीच्या खोलीत आधीपासून चालवलेल्या अभ्यासिकेवर त्याचा शिक्का मारला. प्रतिष्ठान विजेचं बिल भरतं, बाकी सगळं हे करत. बुधवार पेठेतून जुनी पुस्तकं पोत्यात भरून, स्वारगेटला बस बदलून आणायचे, ते तू पाहिलं आहेसच. आता सरांना महापालिकेला उभं राहायचं आहे.

ते पावणेबाराला आले, त्रिसरण चालू असताना. बरोबर फोटोग्राफर आणि पांढऱ्या शर्टातली सहा माणसं. फोटो नीट येईना म्हणून हार दोनदा घातला. भन्तेजी थांबून राहिले. मग सर पंचवीस मिनिटं बोलले. त्यातली चार ह्यांच्यावर, उरलेली ड्रेनेजवर आणि स्वतःच्या बालपणावर. म्हणाले की पहाटे पाचला अभ्यासिकेचं कुलूप ते स्वतः उघडायचे आणि बाबुराव सोबतीला असायचा. सर पहाटे पाचला कधी उठले असतील तर विमान पकडायला.

कोपऱ्यावर आदरांजलीचा फ्लेक्सही लावला आहे. सर कमरेपासून वर, हात जोडून हसताहेत. ह्यांचा फोटो खाली, रेशनकार्डावर असतो तेवढा. शेजारच्या इंदुबाईंनी बघून मला विचारलं, यातलं गेलंय कोण. आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसले, ते बघून त्याच रडल्या.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशीसुद्धा ह्यांना अभ्यासिकेतल्या पाण्याच्या पिंपाची काळजी होती. त्याला झाकण नाही. दोन वर्षं सरांना सांगत होते, सर दोन वर्षं बघतो म्हणत होते. मला म्हणाले, मुलांना पाणी गाळून प्यायला सांग. त्यानंतर बोलले नाहीत.

वहिनींना जय भीम. औषध वेळेवर घे. माझ्यावर आहे तशी माया राहू दे.

तुझी
ललिता

सातारा
१३ डिसेंबर २०२५

चि. ललितास दादाचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टात पस्तीस वर्षं काढली, पण पाकीट लिहिताना हात असा कधी थांबला नव्हता. 'सौ.' लिहायला गेलो आणि थांबलो. 'श्रीमती' लिहवेना. शेवटी नुसतं नाव लिहिलं आहे. पोस्टमन तुला ओळखतो, पोचेल.

तुझ्या सरांचं वाचून वहिनी म्हणाली की असल्या माणसाला निवडून द्यावं, म्हणजे निदान शाळा तरी सुटल्या. मी तिला सांगितलं, शाळा सहा वर्षांपूर्वीच सुटली, आता शहराची पाळी आहे.

पण तू आत्ता रागात काही करू नकोस आणि दुःखातही काही करू नकोस. बाबुराव कोणाबद्दल वाईट बोलला नाही. त्याला दिसत सगळं होतं. मला एकदा म्हणाला होता की सरांचा हात उदार आहे, फक्त तो नेहमी दुसऱ्याच्या खिशात असतो. एवढं बोलून त्यालाच वाईट वाटलं होतं.

दुपारी जेवत जा. एकटीपुरता स्वयंपाक कसला करायचा असं म्हणू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. उलट टपाली खुशाली कळव.

तुझा
दादा

हडपसर, पुणे
२४ डिसेंबर २०२५

ती. दादास सप्रेम जय भीम, वि. वि.

मी जेवते. काल भरीत केलं होतं.

आज सर घरी आले. चहा बिनसाखरेचा मागितला आणि त्याबरोबर क्रीमची चार बिस्किटं खाल्ली. ह्यांच्या फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले. या वेळी फोटोग्राफर नव्हता, म्हणून लवकर उघडले.

काम असं होतं. उमेदवारी अर्जावर सूचकाची सही लागते, म्हणजे या माणसाला उभं करावं असं लिहून देणारा त्याच प्रभागातला मतदार. ती सही त्यांना माझी हवी आहे. बाबुरावच्या पत्नीची सही असली की वस्ती आपोआप मागे येते, असं त्यांनी मलाच समजावून सांगितलं. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्या भाषणात मी कधी ऐकला नव्हता. बदल्यात अभ्यासिकेला ह्यांचं नाव देणार आहेत. मोठी पाटी, दारावर.

उठताना त्यांनी ह्यांच्याकडची किल्ली मागितली. एक तारखेपासून अभ्यासिकेत प्रचार कार्यालय करायचं आहे, फक्त निकालापर्यंत. मी सांगितलं की फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा आहेत. तर म्हणाले की मुलांनी एवढे दिवस घरी अभ्यास करावा, आपण नाही का कंदिलावर केला. बारावीतली कल्याणी रोज पहाटे तिथं येते. तिच्या घरी एक खोली, त्यात वडिलांचं शिलाई मशीन, अंथरुणाला खिळलेली आजी आणि टीव्ही. कंदील टांगायला खिळासुद्धा मिळायचा नाही. किल्ली सापडत नाही असं मी सांगितलं. ती माझ्या कमरेलाच होती.

पण दादा, तुला खरं सांगते. पाटीचं ऐकल्यावर मला लगेच नाही म्हणता आलं नाही. ह्यांचं नाव शाळेच्या हजेरीपटात लिहिलं गेलं, रेशनकार्डावर लिहिलं गेलं आणि शेवटी हॉस्पिटलच्या फायलीवर. भिंतीवर कधी नाही. वाटलं, एकदा असावं. त्या माणसाच्या हातून असावं का, ते कळत नाही.

शेवटचा दिवस तीस तारीख आहे. तू सांगशील तसं करीन. पत्र वेळेत धाड.

तुझी
ललिता

सातारा
२६ डिसेंबर २०२५

चि. ललितास सप्रेम जय भीम.

हे स्पीड पोस्टानं पाठवतो आहे, थोडक्यात लिहितो. पाटी घे. आपल्या माणसांची नावं भिंतीवर सहजासहजी लागत नाहीत. लावणारा कसा आहे हे लोक दहा वर्षांत विसरतील, नाव राहील. सही दिली म्हणून मत द्यावं लागत नाही.

फक्त अट घाल. परीक्षेची मुलं खोलीतच बसतील, असं चार माणसांसमोर कबूल करून घे. कसाही असला तरी हाडाचा मास्तर आहे, चारचौघांत दिलेला शब्द मोडणार नाही.

तुझा
दादा

हडपसर, पुणे
५ जानेवारी २०२६

ती. दादास सप्रेम जय भीम, वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे केलं. तीस तारखेला सरांच्या दारात वस्तीच्या महिला मंडळातल्या बायकांसमोर अट सांगितली. सरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सही केली. सरांनी पेन परत घेताना ते चांगल्या कंपनीचं असल्याचं सांगितलं.

एक तारखेला त्यांची माणसं दुसरी किल्ली घेऊन आली. टेबलं बाहेर, पुस्तकं पुन्हा पोत्यात. आत झेंडे, पत्रकं, दिवसभर वडापाव. मी सरांना गाठून शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले की शब्द दिला तेव्हा परिस्थिती वेगळी होती. मध्ये दोन दिवस गेले होते.

पाटी मात्र लागली. आचारसंहितेत चालते का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की श्रद्धांजलीला आचारसंहिता नसते. मोठी म्हणाले होते, आली अडीच फुटांची, पत्र्याची. वर जाड अक्षरांत 'मा. दत्तप्रसाद सर यांच्या प्रेरणेने'. खाली बारीक 'कै. बाबुराव ओव्हाळ अभ्यासिका'. कैलासवासी. दर बुद्धपौर्णिमेला आमच्या घरची खीर खाल्लेल्या माणसाला आपल्यात कालकथित लिहितात एवढं माहीत नाही. खीर आवडीनं खायचे. दोन वाट्या.

मग मीच ठरवलं. कालपासून पहाटे पाचला माझ्या किल्लीनं खोली उघडते. झेंडे एका कोपऱ्यात उभे करते, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर पोरींना बसवते. अकरा जणी येतात. बसायला गठ्ठे चांगले आहेत, त्यांचा आजवरचा तेवढाच उपयोग. आज सर साडेआठला आले. मला वाटलं ओरडतील. पोरींच्या आया मतदार आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी फोटोग्राफरला बोलावलं, कल्याणीच्या हातातलं पुस्तक घेऊन तिला काहीतरी समजावल्यासारखा फोटो काढला आणि पुस्तक उलटं धरलेलं परत दिलं. नऊनंतर मात्र कार्यकर्त्यांची अडचण करू नका, असं सांगून गेले.

म्हणजे पाच ते नऊ खोली आपली. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी
ललिता

सातारा
९ जानेवारी २०२६

चि. ललितास सप्रेम जय भीम.

वाईट वाटून घेतलं आहे. सही माझ्या सांगण्यावरून केलीस. 'हाडाचा मास्तर' हे शब्द मी लिहिले होते, ते खोडून वाच. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र आमच्याकडे परत यायचं. सही परत येण्याची सोय कोणत्याच खात्यात नाही.

पहाटे थंडी असते, बाबुरावचा स्वेटर घालून जात जा. तो पेटीत ठेवून काय करणार आहेस.

तुझा
दादा

हडपसर, पुणे
१८ जानेवारी २०२६

ती. दादास सप्रेम जय भीम, वि. वि.

स्वेटर घालते. बाह्या दुमडाव्या लागतात.

पंधरा तारखेला मतदान झालं. मी सकाळीच जाऊन आले. सही दिली होती, मत दिलं नाही. सोळाला निकाल लागला. सर तिसरे आले. आपल्या वस्तीतल्या मतांची संख्या ऐकून त्यांनी यंत्रावर संशय घेतला. संध्याकाळी रस्त्यात भेटले तेव्हा मला म्हणाले की समाजाला चांगली माणसं नको आहेत. मी मान हलवली. समाजावर इतकं नाराज झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, अगदी मूळव्याध झाल्यासारखा चेहरा होता. हे असते तर त्यांनी सरांना घरी आणून चहा दिला असता. मी दिला नाही.

काल त्यांची माणसं येऊन सामान घेऊन गेली. झेंडे, खुर्च्या, सतरंजी. प्रतिष्ठाननं दिलेला पंखासुद्धा काढून नेला. पुढच्या महिन्यापासून वीजबिल भरणार नाही असा निरोप ठेवला. मंडळातल्या बायका ते वाटून घेणार आहेत, सहीच्या वेळी टाळ्या वाजवल्याची त्यांना लाज वाटते. पाटी कोणी नेली नाही. ती कोणाच्या उपयोगाची नव्हती.

मी ती रोज बघत होते, दादा. ह्यांचं नाव भिंतीवर असावं असं मला फार वाटत होतं. ते लागलं तेव्हा मला त्याखालून आत जाववेना, मान खाली घालून जायचे. पोरी तर वाचतही नाहीत. काकांच्या खोलीत जाते, असंच घरी सांगून येतात. वाचणारी मी एकटीच होते.

आज रविवार, पोरी उशिरा येतात. पाचला जाऊन दार उघडलं. स्टुलावर चढून पाटीचे चार स्क्रू काढले, एक गंजला होता त्याला वेळ लागला. पाटी धुतली. पिंपावर ठेवून पाहिली तर अगदी बरोबर बसली, अक्षरांची बाजू आत करून. ह्यांना तिथं चाललं असतं. सरांचं नाव दमट राहील, त्याला माझा इलाज नाही.

तू उन्हाळ्यात ये, तोवर गुडघा बरा होईल. वहिनींना जय भीम. असाच जीव लावत राहा.

तुझी
ललिता

ता. क. पत्र बंद करायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. नळाला पाणी आलं होतं. सात कळश्या घातल्या तेव्हा पिंप भरलं. झाकण लावलं आणि झाडू घेतला.