दादाचं शिफारसपत्र

३ जून, बुधवार

अर्ज आला! बावीस पानं. ख्रिस्ती अध्यात्म आणि ईश्वरविज्ञान, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. लेखी परीक्षा, मुलाखत, शिवाय आपल्या चर्चच्या मंडळीच्या पाळकांचं बंद पाकिटातलं शिफारसपत्र. आमच्या मंडळीचे पाळक म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. संपलंच!

४ जून

दादाकडे गेले. अर्ज बघून त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"एक्स-रे काढायचं काम बरं चाललंय ना?"

"चाललंय."

"मग हे काय? लग्न नाही केलंस, आता एकावन्नाव्या वर्षी बायबलसाठी ग्रीक शिकणार?"

वहिनी आतून ओरडली, "शिकू दे की हो तिला! तुमचे उपदेश ऐकून कोणाला तरी पुढे शिकावंसं वाटलं, हेच नवल!"

दादाने अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप. पहिल्या पानावर गोल डाग. शिफारसीची सुरुवात झाली म्हणायची.

७ जून, रविवार

उपासना. दादाचा उपदेश क्षमेवर — या वर्षातला तिसरा. तोच हुंदका, त्याच जागी. पुढच्या बाकावरच्या आजी तर हुंदका यायच्या आधीच रुमाल काढून बसतात. निदान यासाठी तरी मला शिकायलाच हवं!

१० जून

ग्रीक मुळाक्षरांचा कागद मशीनच्या खोलीत काचेशेजारी चिकटवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "देवाचा एक्स-रे काढणार वाटतं?"

"हलला नाही तर निघेल," म्हटलं.

दिवसभर माझ्याच उत्तरावर खूश. अध्यात्माची तयारी जोरात आहे!

१५ जून

अर्जातली आणखी एक अट: मुलाखतीपर्यंत रोज वीस मिनिटं मौन प्रार्थना, आणि तिची प्रामाणिक नोंद. सव्वीस वर्षं लोकांना सांगतेय — श्वास घ्या, रोखा, हलू नका. आज स्वतः बसले. चौथ्या मिनिटाला पायाला मुंग्या. सातव्याला दादाचा राग. दहाव्यापासून पुढे त्याला काय काय सुनवायचं याची जुळवाजुळव. देव काही आला नाही. बसायला जागाच नव्हती बिचाऱ्याला.

१६ जून

झोप लागली.

२१ जून, रविवार

उपासनेनंतर पत्राचं विचारलं.

"लिहितोय."

"दर आठवड्याला अख्खा उपदेश लिहितोस, आणि चार ओळींना तीन आठवडे?"

"उपदेशाला काय लागतं," म्हणाला आणि खुर्च्या रचायला लागला. खुर्च्या रचायला माणूस आहे आमच्याकडे.

२७ जून

'मला हे का शिकायचं आहे' — अर्जासोबतचा निबंध लिहून झाला. एक परिच्छेद तर असा झणझणीत उतरलाय! पाठ केलेल्या हुंदक्यांवर मंडळी चालवणाऱ्या पाळकांविषयी. नाव घेतलेलं नाही. गरजच काय, आमचं आडनाव एकच. चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी जास्तच आवडलं.

१ जुलै

दादा स्वतः इस्पितळात आला पाकीट घेऊन. चारी बाजूंनी चिकटपट्टी.

"काय लिहिलंयस? बहीण भांडखोर आहे म्हणून?"

"तेही आहे."

मग उभाच राहिला. काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. बाहेर पाच जण ताटकळत होते, एकाचा हात गळ्यात बांधलेला. "नंतर बोलू रे," म्हटलं. "बरं," म्हणाला आणि गेला. नंतर मी काही विचारलं नाही.

९ जुलै

लेखी परीक्षा सकाळीच उरकली, मग मुलाखत. प्राध्यापकबाई म्हणाल्या, "शिफारसपत्र आम्ही उमेदवाराला दाखवत नाही. पण तुमच्या पाळकांनीच वर लिहिलंय, 'हे तिला वाचून दाखवा, मला तोंडाने सांगता आलं नाही.'" आणि त्यांनी वाचलं:

"गेली अकरा वर्षं मला प्रार्थना करता आलेली नाही. उपदेश करतो, कारण दुसरं काही येत नाही. माझी बहीण देवावर चिडते, भांडते — म्हणजे तिच्यासाठी समोर कोणीतरी आहे. तिला घ्या. आणि ती शिकली की मला शिकवेल का, तेवढं विचारा."

बाहेर येऊन दादाला फोन लावला. "श्वास घे, रोख, हलू नकोस," म्हटलं. वीस मिनिटं फोन कोणीच ठेवला नाही.