रिकामी पेटी आणि मूठभर ज्वारी

३ फेब्रुवारी
पत्र आलं! देशभरातल्या अवजारं बनवणाऱ्यांच्या संघटनेत आपण सदस्य झालो. बुलडाणा जिल्ह्यातून पहिलेच. पत्रात ‘औद्योगिक घटक’ लिहिलंय. औद्योगिक घटक म्हणजे नांदुऱ्यातली आपली पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशिनी, बाबा, त्यांच्या हाताखाली शिकलेले रफिकभाई आणि मी.
बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, “दिल्लीवाले येऊन वेल्डिंग करतीन काय आपलं?” पण पत्र घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवलं. मागितलं तरी देईनात.

११ फेब्रु.
संघटनेच्या नायर मॅडमचा फोन. तांत्रिक मदत त्यांच्याकडे. अर्धा तास बोलल्या, मी उभ्यानंच ऐकलं. आपलं नऊ फणांचं पेरणी यंत्र परीक्षण केंद्रात पास झालं की सरकारी यादीत जाईल. यादीत असेल त्याच यंत्रावर शेतकऱ्याला अनुदान. म्हणून तर गेली दोन वर्षं लोक आपल्या शेडवरून पुढे जाऊन बाहेरच्या कंपनीचं घेतात, आणि दुरुस्तीला इकडे आणतात!
“अकेले जाओगी तो लाइन में बैठी रहोगी. हम सात छोटे मेंबर्स को एक साथ ले जा रहे हैं.”
नकाशे मात्र हवेत. इथे कोणाकडे नकाशा? बाबांचा एक लोखंडी गज आहे, कानशीनं खाचा पाडलेला. आजवरचं प्रत्येक यंत्र त्या गजावरून उतरलं.

१४ फेब्रु.
गज मिळाला. बाबा तीन दिवस ‘पाहू’ म्हणत होते. आज माझ्या टेबलावर आणून ठेवला. खाचा मोजल्या. एकही चुकलेली नाही. माझा डिप्लोमा, मॅडमचा कॉम्प्युटर आणि बाबांची कानस, तिघांचं जमलं. संध्याकाळी मॅडमनी नकाशा करून पाठवला, खाली बाबांचं नाव. रफिकभाई म्हणाले, “उस्ताद, आता तुमी इंजिनेर झाले.” बाबा लाजले. खरंच लाजले!

१९ फेब्रु.
त्या बाहेरच्या कंपनीचा माणूस पुन्हा आला. आमची पाटी लावा, आमचं सर्व्हिस सेंटर चालवा, स्वतःचं यंत्र बनवणं बंद करा. गोड बोलतो मेला. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “अक्षय तृतीयेपर्यंत यादीत नाव आलं तं ठीक. नाई तं त्याची पाटी लावू. रफिकले बी घर आहे.”
शेडवरची पाटी बाबांनी स्वतः रंगवलेली. ‘यंत्र’मधला य वाकडा आहे. तो वाकडा य मी काढू देणार नाही.

२४ फेब्रु.
यंत्र केंद्राकडे निघालं. लाल रंग असा चमकत होता की रफिकभाईंनी त्यात बघून केस विंचरले.
मॅडमची तपासणीची यादी आली होती. बी पडायच्या नळ्या साफ, नट आवळलेले, पेटी रिकामी. आईला कालच बजावलं. आपल्याकडे बियाण्याची पेटी रिकामी बाहेर जात नाही. आई मूठभर ज्वारी टाकते, मग ट्रॅक्टर हलतो. पहिल्या यंत्रापासूनचं आहे ते. आई म्हणाली, “बरं बाई, तुमची परीक्षा, तुमचे नेम.” आणि आत निघून गेली, बाहेर आलीच नाही.
मी यादीवर खूण केली, सही केली. ट्रकवर चढले, दोर तपासले. मग काय वाटलं कोण जाणे. इतकं लांब जातंय आणि पेटी कोरडी ठाक. खाली उतरले, घरातून मूठ आणली आणि हळूच टाकली. कोणाला सांगितलं नाही. चार दाण्यांनी काय होतंय.

६ मार्च
नापास.
आठ नळ्यांतून सोयाबीन सारखं पडतं, तिसरीतून जास्त. म्हणजे एका ओळीत दाट, बाकीच्यांत बरोबर.
बाबा दुपारी कंपनीच्या माणसाचं कार्ड शोधत होते.

७ मार्च
मॅडम माझ्यापेक्षा जास्त चिडल्यात! शेडमध्ये आपण घेतलेल्या चाचणीचा व्हिडिओ मी पाठवला होता, त्यात नऊच्या नऊ नळ्या सारख्या. “आपकी मशीन में गड़बड़ नहीं है. मैं लिखकर शिकायत करूँगी.” संघटनेच्या कागदावर, अध्यक्षांच्या सहीनं. छोट्या माणसाचं यंत्र नीट तपासलं जात नाही, असं लिहिणार आहेत. आपल्यासाठी कोणी इतकं भांडलेलं मी पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर शेडमध्ये एकटीच नाचले. रफिकभाईंनी पाहिलं. पाहू दे.

९ मार्च
यंत्र परत आलं. तिसरी नळी मी स्वतः खोलली. बी सोडणाऱ्या झडपेच्या फटीत ज्वारीचे दोन दाणे घट्ट बसलेले. झडप उघडी राहिली ती त्यामुळे.
माझी ज्वारी.
रफिकभाई शेजारीच. “भाभीनं टाकली असन.” मी गप्प राहिले. कमाल आहे माझी, गप्प राहिले!

१० मार्च
आईनं विचारलं, “वैशू, मी नाई टाकली, तुले माहीत आहे ना?” बाबा आणि रफिकभाई तिच्याशी नीट बोलत नव्हते. जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. मीच टाकली. शिकलेलीनं.
बाबांचा घास हातात राहिला. मला वाटलं, आता ताट फेकतात. म्हणाले, “सही करून टाकली?” हो म्हटलं. तर आई हसायला लागली, डोळ्याला पदर लावून. तिला एवढं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं.
मॅडमना सांगणं बाकी. तक्रार उद्या जाणार.

११ मार्च
सकाळी सात वाजता फोन लावला, धीर जायच्या आत. सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “वैशाली जी, कल तक मैं आपके लिए पूरे केंद्र को झूठा कहने वाली थी.” लाज वाटली. इतकी, की हिंदी सुचेना, मराठीतच माफी मागितली. त्यांना कळली असावी.
म्हणाल्या, तक्रार फाडली. मग पाच मिनिटं झाडलं. चूक एका सदस्याची, पण संघटनेच्या शब्दाची किंमत उतरली की सगळ्या छोट्यांची उतरते. पुढच्या वेळी त्यांचं कोण ऐकेल? बरोबर आहे. एकेक शब्द बरोबर.
शेवटी म्हणाल्या, खरं कारण लिहून द्या. फेरचाचणी मागू. पण तारीख? केंद्राच्या तारखा भरलेल्या आहेत.

१५ मार्च
तारीख मिळाली!!
मॅडमनी माझं पत्र जसंच्या तसं सदस्यांच्या ग्रुपवर टाकलं. मला विचारून. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी ओडिशाच्या एका सदस्याचा फोन, साहू नाव, वयस्कर आवाज. त्यांचं भाताचं यंत्र, त्यांची तारीख २५ची. “आप ले लीजिए. हमारा सीज़न थोड़ा बाद में है.” मी विचारलं, का देताय? ते हसले. त्यांच्या घरी पेटीत धान टाकतात. मागचं यंत्र परीक्षेला नेताना त्यांनी पेटीत तीनदा ब्रश मारला होता, बायकोची नजर चुकवून.
बाबांना सांगितलं. “ओडिशात बी टाकतात?” एवढंच.

२२ मार्च
यंत्र पुन्हा निघालं. पेटीत टॉर्च मारली, हात घालून चारही कोपरे चाचपले. मग रफिकभाईंनी चाचपले. मग बाबांनी. आई मूठ आवळून दारात उभी. ट्रक पुलाकडे वळेपर्यंत मूठ तशीच होती.
बाबा ड्रायव्हरशी काहीतरी कुजबुजत होते. विचारलं तर म्हणे, “रस्ता सांगून राह्यलो.” त्या ड्रायव्हरला रस्ता? तो महिन्यापूर्वीच जाऊन आलाय!

२५ मार्च
दोन नट उलटे आवळले. रफिकभाईंनी हाकललं, “बाई, तू आज खुर्चीवर बस, आमाले काम करू दे.”
कंपनीचा माणूस येऊन गेला. बाबांनी चहा पाजला, पाटीचा विषय काढू दिला नाही.
साडेचारला मॅडमचा फोन. त्या स्वतः केंद्रात. चाचणी झाली. नऊ नळ्यांचं बी मोजायला गेलंय, निकाल उद्या दुपारी. तिथल्या साहेबांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का, विचारलं. म्हणाल्या, त्यांचे चेहरे नेहमीच नापास झाल्यासारखे असतात.
मग म्हणाल्या, तुमच्या ड्रायव्हरनं मला एक पुडी दिलीय, वर मराठीत काही लिहिलंय, नीट समजत नाही. फोटो पाठवला. बाबांचं अक्षर. वाकडा य.
‘परीक्षा झाल्यावर यंत्राच्या पेटीत टाका. वापस येतानी रिकामं नको.’
मी मोठ्यानं वाचलं, मग मॅडमना हिंदीत सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आई उठून जवळ आली. बाबा उगाच कानस पुसायला लागले.
“डाल दूँ?” मॅडमनी विचारलं. “रिज़ल्ट तो अभी आया नहीं.”
मी बाबांकडे पाहिलं. आईनंच उत्तर दिलं, “टाका म्हना बाई.”
पलीकडे पत्र्यावर दाणे पडल्याचा आवाज आला.